तीन गियर मागे, एक पुढे

नरहर पिंपळखुटे यांच्या जीपचा मागचा एक्सल तुटला तो घरापासून दोनशे पावलांवर, काळ्या मातीच्या चिखलात आणि साऱ्या गल्लीच्या देखत. वाळकी फांदी मोडावी तसा कट्ट आवाज झाला. मग इंजिन नुसतंच बोंबलत राहिलं आणि जीप जागची हलेना. भोपाळच्या टी. टी. नगरातल्या त्या नव्या क्वार्टरांना तेव्हा रंग होता, नंबर होते, पण रस्ता नव्हता. रस्ता मंजूर होता. शेवटी बांधकामावर विटा आणणाऱ्या एका गाडीवानाने आपले बैल सोडले आणि जीपला जुंपले. नरहरराव स्टिअरिंग धरून ताठ बसले. बैलांनी ओढलेल्या मोटारीत बसताना चेहरा कसा ठेवावा हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी तो ऑफिसात ठेवतात तसाच ठेवला.

नरहरराव एका सरकारी खात्यात अभिलेख शाखेचे हेडक्लार्क होते. राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि कपाटं, फायली, पंखे यांच्याबरोबर नरहररावांचीही रवानगी भोपाळला झाली. फायली आगगाडीने आल्या. नरहरराव स्वतःची जीप चालवत आले. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली ती जीप त्यांनी हौसेने घेतली होती, आणि हेडक्लार्कने जीप का बाळगावी या प्रश्नाचं उत्तर ते कुणालाच देत नसत. बायको, कमलिनीबाई, मात्र नागपुरातच राहिल्या. त्या तिथल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत, आणि नागपूर आता मुंबई राज्यात गेलेलं. मूलबाळ नव्हतं. दोघांचाच संसार, तोही दोन राज्यांत वाटलेला. "सहा महिन्यांत काय ते बघू," असं निघताना ठरलं होतं. त्याला दोन वर्षं होत आली होती.

एक्सल तुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी कमलिनीबाईंचं पत्र आलं. 'दिवाळी झाली की आठ दिवस येते. भोपाळ एकदा नीट बघते. प्रत्यक्ष बोलून मग ठरवू.' नरहररावांनी ते पत्र चार वेळा वाचलं. सरकारी पत्रातल्या प्रत्येक शब्दाचा खरा अर्थ त्यांना ठाऊक होता, पण 'मग ठरवू' या दोन शब्दांवर त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव उपयोगी पडेना. एवढं मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं की ती येईल त्या दिवशी जीप स्टेशनवर उभी असली पाहिजे. या चिखलात टांगेवाले पाऊल टाकत नसत. डोक्यावर वळकटी घेऊन घोट्यापर्यंत रुतत घरी आलेली बाई भोपाळबद्दल चांगलं काय ठरवणार?

खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं, आणि ते म्हणजे रविवार. सोमवार ते शनिवार ऑफिस होतं. रविवारी नरहरराव कपडे धूत, खिचडी टाकत, नागपूरचं शिळं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचत, आणि घड्याळात बघत तेव्हा दहा वाजलेले असत. दहाच्या पुढे रविवार फार मोठा असतो, हे त्यांना भोपाळला आल्यावरच कळलं होतं.

जवाहर चौकात शकूर मिस्त्रीचं दुकान होतं. शकूर मिस्त्री पन्नाशीचा, डोळ्यांत सुरमा घालणारा, आणि मोटारीबद्दल बोलताना एखाद्या आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणणारा. तुटलेला तुकडा काडीसारखा उचलून तो खास भोपाळी ढंगात म्हणाला, "को खां, ये एक्सल है कि सींक? फिर यही डालोगे तो फिर टूटेगा. तगड़ा डालो." त्याच्याकडे लष्कराच्याच एका मोठ्या गाडीचा आख्खा मागचा एक्सल होता, दोन्ही दांडे आणि मधला गियरचा गोळा धरून. नरहररावांनी त्यावर हात फिरवला. त्यांच्या मांडीएवढी जाडी होती. इतकी भक्कम वस्तू त्यांनी पुनर्रचनेनंतर पहिल्यांदाच बघितली.

"गाड़ी यहां ले आओ, चार दिन में कर दूंगा," शकूर म्हणाला.

"घरीच करीन," नरहरराव म्हणाले. "तुम्ही फक्त अधूनमधून येऊन बघा."

शकूर मिस्त्रीने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि हातगाडीवाल्याला हाक मारली.

एक्सल हातगाडीवरून घरी आला तसा सल्लाही आला. डाव्या हाताला गोपीनाथराव राहत, ते ग्वाल्हेरचे. उजव्या हाताला शांतारामपंत, ते इंदूरचे. नव्या राज्यात चार जुनी राज्यं एकत्र आली होती, आणि प्रत्येकाच्या जुन्या राज्यात सगळं जास्त चांगलं होतं. "आमच्या ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या मोटारखान्यात एक्सल बदलायचे ना," गोपीनाथराव कंपाउंडवरून म्हणत, "तर आधी एरंडेल तेलात आठ दिवस भिजत घालायचे." शांतारामपंतांना हे साफ नामंजूर होतं. इंदूरला एरंडेल घोड्यांना देत, मोटारींना नव्हे. या दोघांनी आयुष्यात सायकलची चेनसुद्धा बसवलेली नव्हती. पण दोघंही रविवारी सकाळी खुर्च्या घेऊन येत, आणि नरहररावांना आतून कुठेतरी बरं वाटे. चहा तीन कप करावा लागे. एरवी एक कप चहा करायला स्टोव्ह पेटवणं त्यांच्या जिवावर येई.

तिसऱ्या आठवड्यात एक नोटीस आली, की सरकारी निवासस्थानाच्या आवारात विनापरवाना कारखाना चालवत असल्याचं निदर्शनास आलं आहे. नरहररावांनी उत्तर दिलं की हा कारखाना नसून एकच जीप आहे, आणि ती चालतही नाही. मग वाहनाच्या नोंदणीचं निघालं. नवा एक्सल नोंदवायचा तर जुनी नोंद हवी. जुनी नोंद नागपूरची. नागपूरहून उत्तर आलं की पुनर्रचनेपूर्वीचे सारे कागद भोपाळला पाठवले आहेत. भोपाळात ते कागद एका अभिलेख शाखेत पोत्यांत पडून होते. त्या शाखेचा हेडक्लार्क म्हणजे नरहर पिंपळखुटे.

नोंद मागणारा त्यांचाच अर्ज त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी नियमाप्रमाणे त्याला आवक क्रमांक दिला, दोन दिवस पोती उपसली, आणि काही सापडेना तेव्हा 'शोध चालू आहे' असं उत्तर स्वतःच्याच नावे रवाना केलं. घरी ते मिळालं तेव्हा त्यांना खरोखरच राग आला. असली ठरावीक उत्तरं देणाऱ्या माणसाला फैलावर घ्यायला हवं, असं त्यांना वाटलं, आणि मग बऱ्याच वेळाने आठवलं की हस्ताक्षर आपलंच आहे. त्या आठवड्यात घरी आलेलं ते एकमेव पत्र होतं.

खरी अडचण एक्सल जीपखाली सरकवला तेव्हा कळली. जीपचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, एक्सलच्या खालून जात होते. मोठ्या गाडीचे ते वरून जात असणार, कारण नव्या एक्सलवर त्यांच्या बैठका वरच्या अंगाला होत्या. गोपीनाथराव म्हणाले, बैठका कापा. शांतारामपंत म्हणाले, पाटे कापा. नरहरराव जमिनीवर पालथे पडून अर्धा तास विचार करत राहिले आणि अचानक उठून बसले.

"एक्सलच उलटा करायचा," ते म्हणाले. "वरची बाजू खाली. बैठका आपोआप खाली येतात."

शकूर मिस्त्री त्या दिवशी आलेला होता. त्याने डोकं तिरपं करून बघितलं आणि म्हणाला, "बात तो सही है, खां." गोपीनाथराव म्हणाले, अगदी हेच त्यांच्या मनात होतं. नरहररावांना इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता. एक्सल उलटा करून बसवला, तो बैठकांत बरोबर बसला. त्याची लांबी जुन्यापेक्षा जरा जास्त निघाली, त्यामुळे मागची चाकं दोन्ही बाजूंना चार चार बोटं बाहेर आली आणि जीप मागून फतकल मारून बसल्यासारखी दिसू लागली. पण चालायला त्याची काही हरकत नव्हती.

कमलिनीबाई मंगळवारी यायच्या होत्या. रविवारी सकाळी जीप सुरू केली. नरहररावांनी हात जोडले, क्लच दाबला, पहिला गियर टाकला आणि क्लच सोडला. जीप मागे गेली. ती शांतारामपंतांच्या वालाच्या मांडवातून आरपार गेली आणि कंपाउंडच्या तारेला टेकून थांबली. नरहररावांना वाटलं, आपण चुकून मागचा गियर टाकला. त्यांनी पुन्हा नीट बघून पहिला टाकला, तर उरलेली तारही गेली. दुसरा टाकला तर जीप मागेच गेली, पण जास्त वेगाने. शेवटी त्यांनी मागचा गियर टाकला, आणि जीप रडक्या आवाजात हळूहळू पुढे सरकली. तीन गियर मागे आणि एक पुढे.

"मी म्हणालोच होतो, उलटं काही करू नये," गोपीनाथराव म्हणाले. शांतारामपंत वालाच्या शेंगा वेचत होते. निरोप गेल्यावर शकूर मिस्त्री आला, जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि आजारी नातेवाइकाच्या आवाजात म्हणाला, "चल तो रही है."

दोन दिवसांत एक्सल काढून पुन्हा बसवणं शक्य नव्हतं. मंगळवारी सकाळी नरहरराव इस्त्रीचा कोट घालून दीड तास आधीच हबीबगंज स्टेशनला निघाले. त्या एकाच पुढच्या गियरमध्ये जीप माणसाच्या चालीने जात होती. भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी बराच वेळ त्यांच्या शेजारून चालली, मग कंटाळून पुढे निघून गेली. वाटेत इंजिनाचं पाणी दोनदा उकळलं. पॅसेंजर उशिरा आली म्हणून बरं.

कमलिनीबाई उतरल्या त्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात वळकटी घेऊन. केस कानांपाशी आणखी पांढरे झाले होते. नरहररावांनी वळकटी घेतली. मग दोघंही गाडीला झालेल्या उशिराबद्दल बोलले.

परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी उकळायला लागलं. नरहरराव जरा वेळ तसेच बसले. मग त्यांनी जीप वळवली, तिची पाठ घराकडे केली, दुसरा गियर टाकला आणि मान मागे वळवून जीप जोरात उलटी सोडली. समोर हबीबगंज लांब जात होतं. कमलिनीबाईंनी पिशवी घट्ट धरली. वळण आल्यावर त्या म्हणाल्या, "पहिल्या गियरला मागे जाते का ही?"

"हो."

"दुसऱ्याला?"

"आता बघतेयस ना."

"आणि मागच्याला पुढे."

"हळू. पण जाते."

त्या समोरून लांब जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिल्या. नरहररावांना वाटलं, संपलं सगळं. भोपाळ बघून झालं हिचं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे चूक एकच आहे. चुका जास्त असत्या तर सगळं असं नेमकं उलटं झालं नसतं." नरहररावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि जीप जवळजवळ गटारात गेली.

घरी आल्यावर नरहररावांनी एक्सल उलटा बसवल्याचं सांगितलं, आणि चहा व्हायच्या आत कमलिनीबाईंनी लाटणं आणि ताटली घेतली. लाटणं म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा, ताटली म्हणजे एक्सलमधलं मोठं चक्र. लाटण्याचं टोक ताटलीच्या कडेला टेकवून त्यांनी ते फिरवलं, ताटली एकीकडे फिरली. मग ताटली लाटण्याच्या दुसऱ्या बाजूला धरली, लाटणं तसंच फिरवलं, आणि ताटली उलटी फिरली. "एक्सल उलटा केलात तेव्हा चक्र या बाजूचं त्या बाजूला गेलं," त्या म्हणाल्या. नरहररावांनी ताटली हातात घेऊन तीन वेळा फिरवून पाहिली. त्यांना आपली लाज वाटायला हवी होती. पण स्वयंपाकघरात दुसऱ्या माणसाचा आवाज येत होता, आणि त्यापुढे लाजेकडे लक्ष द्यायला त्यांना सवडच झाली नाही.

भोपाळ बघायचं राहिलं. मोठा तलाव राहिला, भोजपूरचं देऊळ राहिलं. नरहररावांनी रजा काढली आणि दोघंही जीपच्या कामाला लागली. ते खाली पडून नट सोडत, कमलिनीबाई शेजारी पाटावर बसून पाने देत. दुसऱ्या दिवशी त्यांना पान्यांचे सगळे नंबर पाठ झाले. सुटलेले नट त्या ताटात ओळीने मांडत आणि कुठला कुठे बसतो ते वहीत लिहीत. एक्सल बाहेर निघाला, हातगाडीवर चढला आणि ही दोघं त्याच्या मागे चालत जवाहर चौकात गेली. शकूर मिस्त्रीने बैठका कापून खालच्या अंगाला जोडून दिल्या. कमलिनीबाईंनी फूटपट्टी मागून घेऊन दोन्हींची अंतरं मोजली. डावी बैठक सूतभर पुढे होती. शकूरने निमूटपणे ती पुन्हा तोडली आणि नरहररावांना बाजूला घेऊन म्हणाला, "बाई साहब को दुकान पर रख लूं?"

पाचव्या दिवशी एक्सल पुन्हा खाली सरकला. नरहरराव जीपखाली होते. कमलिनीबाई पाटावर होत्या.

"ऐकताय ना?"

"हं."

"मला हेडमिस्ट्रेस केलंय. एक तारखेपासून. मी हो म्हटलंय."

जीपखालून पान्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"पत्रात लिहिणार होते," त्या म्हणाल्या. "चारदा लिहिलं आणि फाडलं. म्हटलं, समोर बसून सांगावं."

समोर म्हणजे त्यांच्या समोर नरहररावांचे दोन बूट होते. नरहररावांना खालून त्यांची चप्पल आणि पाटाचा एक पाय दिसत होता. एक्सलवरून तेलाचा थेंब ओघळला आणि त्यांच्या कपाळावर पडला. त्यांनी तो पुसला नाही. आतल्या खोलीत त्यांनी मागच्या महिन्यातच दुसरी खुर्ची आणून ठेवली होती, खिडकीला पडदा लावला होता. हे तिला सांगावं की नाही याचा ते विचार करत होते.

"नऊ-सोळाचा पाना दे," ते म्हणाले.

कमलिनीबाईंनी दिला. तो बरोबर नऊ-सोळाचाच होता.

"अभिनंदन," जीपखालून आवाज आला. तो सरकारी पत्रातल्यासारखा आला, त्याला नरहररावांचा इलाज नव्हता. मग थोड्या वेळाने, "इथेही शाळा निघतायत म्हणे."

"निघतायत. पण तिथे माझी पंधरा वर्षं गेलीयत." त्या थांबल्या. "तुम्ही सोडाल का नोकरी?"

"पेन्शनला सात वर्षं आहेत."

"मग," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

नरहररावांनी तोच नट तीन वेळा आवळला. तो पहिल्याच वेळी पुरता बसला होता. खाली आणखी काही काम उरलं नव्हतं, तरी ते बाहेर यायला वेळ लावत होते. शेवटी आले तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडाला काळं वंगण फासलेलं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर काय आहे ते कुणालाच वाचता आलं नसतं. कमलिनीबाईंनी फडकं पुढे केलं. मग ते परत मागे घेतलं आणि स्वतःच त्यांचं तोंड पुसायला लागल्या. तारेपलीकडे शांतारामपंत वालाचा मांडव पुन्हा उभा करत होते. त्यांनी लगेच पाठ फिरवली.

सातव्या दिवशी जीप सुरू झाली. पहिल्या गियरला पुढे गेली, दुसऱ्याला जास्त वेगाने पुढे गेली. गोपीनाथरावांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की आधीच त्यांचं ऐकलं असतं तर एवढा वेळ लागला नसता. शकूर मिस्त्री जीपमधून एक चक्कर मारून आला आणि उतरताना म्हणाला, "एक बात याद रखना. पीछे वाला नया है, आगे वाला पुराना. दोनों के दांतों का हिसाब अलग है. चारों चक्के एक साथ मत लगाना, नहीं तो एक खींचेगा, एक रोकेगा, और कुछ न कुछ टूटेगा." म्हणजे जीपच्या चारही चाकांना एकदम इंजिनाचा जोर द्यायचा नाही; पुढचा एक्सलही याच्या जोडीचा घातला की मग कसली काळजी नाही. तसा एक त्याच्या नजरेत होता.

आठव्या दिवशी हबीबगंजला जायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नरहररावांनी मुद्दाम जीप हळू चालवली, तरीही लागली नाहीत. फलाटावर चार-दोन माणसं होती. नरहररावांनी वळकटी चढवली, खिडकीपाशी जागा बघून दिली, सुरई भरून आणली. पॅसेंजर नेमकी वेळेवर होती.

"पुढचा कधी बदलणार?" कमलिनीबाईंनी खिडकीतून विचारलं.

"बघू. या महिन्यातच घेतो हाती. रविवार आहेतच."

"नको," त्या म्हणाल्या. शिट्टी झाली होती, म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागलं. "मे महिन्यात मला सुट्टी आहे. तो मी आल्यावर काढायचा. तोवर हात लावू नका."

गाडी गेली. नरहरराव फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथून परत आले.

त्या हिवाळ्यात त्यांना सल्ल्यांची वाण पडली नाही. शकूर मिस्त्रीने जोडीचा एक्सल दुकानात बाजूला काढून ठेवला आणि दोनदा निरोप पाठवला. शांतारामपंत म्हणत, अर्धं काम तसंच ठेवू नये. गोपीनाथरावांचं मत पडलं की थंडीत लोखंड आखडतं, तेव्हा हीच वेळ चांगली. नरहरराव सगळ्यांना 'मे महिन्यात' एवढंच सांगत. पण दर रविवारी ते चटई घेऊन जीपच्या पुढच्या बाजूला जात, खाली सरकत आणि उताणे पडून त्या जुन्या एक्सलकडे बघत राहत. पाना ते बरोबर नेत नसत.

एकदा गोपीनाथरावांनी वाकून विचारलं, "नरहरराव, काय चाललंय खाली?"

"काही नाही," नरहरराव म्हणाले, आणि आणखी बराच वेळ ते तिथेच पडून राहिले.